खिडकीकडचा गाल

रोज संध्याकाळी घरात शिरलं की ब्रेकबाईचं पहिलं काम म्हणजे स्वतःची ओळख करून देणं. आई खुर्चीत बसलेली असायची. ती मान वर करायची आणि अगदी सभ्यपणे विचारायची, "कोण हवंय तुम्हाला?"

"आई, मी आहे."

"मी म्हणजे कोण? सगळेच मी असतात."

"भिंगरी! तुझी मुलगी!"

"हॅ! भिंगरी म्हणे." आईला हसू फुटायचं. "वय काय बाई तुमचं, बोलता काय! माझी लेक तरणीताठी आहे. येईलच एवढ्यात. तुम्ही बसा, पाणी घ्या."

घ्या! स्वतःच्या घरात, स्वतः भरून ठेवलेलं पाणी पाहुणीसारखं घोट घोट प्यायचं. ब्रेकबाईच्या मस्तकात तिडीक जायची. दिवसभर लोकांवर ओरडून घसा बसलेला, त्यात घरी येऊन पुन्हा हे. बरं, ओरडावं तर कोणावर? आजारी माणसावर ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि वर रात्रभर स्वतःलाच खात बसायचं. तरी कधीकधी ओरडायचीच ती. मग आई दिवसभर सांभाळायला ठेवलेल्या ताईंना हळूच म्हणायची, "या बाईंना घरी कुणी नाही वाटतं."

ब्रेकबाई गाडी चालवायला शिकवायची. तीस वर्षं तेच. शिकणारा माणूस स्टिअरिंगला घट्ट धरून बसणार, ही शेजारच्या सीटवर, पायाखाली हिचा स्वतःचा वेगळा ब्रेक आणि तोंडात सदानकदा "ब्रेक! अहो ब्रेक! तो खांब आहे, सरकणार नाही तो!" नाव त्यातूनच पडलं. आता गंमत अशी, की त्या सीटला खिडकी एकाच बाजूला. त्या खिडकीतून ऊन येणार, ते तीस वर्षं एकाच गालावर पडणार. त्या गालावर काळपट डाग उठले, डोळ्याच्या कडेला सुरकुत्या दाटल्या, कातडी राठ झाली. शिकणाऱ्याकडचा गाल मात्र अजून बरा होता, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी जितका बरा असू शकतो तितका. समोरून पाहिलं तर थोरल्या आणि धाकट्या बहिणीने भागीदारीत एकच चेहरा घेतलाय असं वाटायचं. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आरशात बघायला वेळ कुणाला होता? गाडीतला आरसा तर मागच्या ट्रकसाठी असतो.

पण एका संध्याकाळी ती टेबलापाशी भाजी चिरत बसली होती, बरा गाल आईकडे करून. आईने बराच वेळ टक लावून पाहिलं आणि एकदम म्हणाली, "भिंगरे, कधी आलीस गं? आणि टोपी कुठाय तुझी?"

सुरी टाकून ब्रेकबाई आनंदाने गर्रकन वळली. झालं! खिडकीकडचा गाल समोर आल्याबरोबर आईचा चेहरा विझला. "अगंबाई, तुम्ही कोण?"

त्यानंतर तिने नादच घेतला. आईच्या कोणत्या बाजूला बसायचं, वळायचं किती, दिवा कुठला लावायचा. बरा गाल दाखवला तर चार-पाचदा बसल्यावर एखादवेळी "भिंगरे" ऐकू यायचं. दुसरा गाल दाखवला तर कधीच नाही, जन्मात नाही. स्वतःच्या आईसमोर आयुष्यभर अर्ध्या तोंडाने बसायचं? तिने ठरवलं, हा गाल दुरुस्त करून घ्यायचा. गाडी नाही का गॅरेजला जात?

धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो लागला शहाणपण शिकवायला. "ताई, या वयात कसलं आलंय सौंदर्य? टोपी घालतील तुला तिथे."

वर्षातून एकदा येणार, फळं घेऊन. बाकी सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकायचा. आणि याच दिवट्याचा आवाज फोनवर आला रे आला की आई खुलायची. "बाळ का? जेवलास का रे?" त्याला तोंड दाखवावं लागत नव्हतं ना, म्हणून त्याची ओळख शाबूत! ब्रेकबाईने फोन ठेवला आणि क्लिनिकची वेळ घेतली.

क्लिनिकमध्ये सगळं पांढरं. टेबलावर एक आरसा, त्यात नाकावरचं प्रत्येक छिद्र विहिरीएवढं. समोर गोड बोलणारी सल्लागार.

"मॅम, तुम्हाला तुमच्यात नेमका काय बदल हवाय?"

"हा गाल या गालासारखा करा."

"आपण ना, पूर्ण चेहऱ्याचा विचार करू या. कपाळाला इंजेक्शन, गालाला फिलर, हनुवटीखाली धागे, मग लेझर..."

"मी गाल म्हटलं. पंक्चर झालं म्हणून कोणी नवी गाडी विकतं का?"

"तसं नाही मॅम, पण एक छान ग्लो येतो..."

"ग्लो नको. बल्ब आहेत घरात."

सल्लागार हसली, कारण हसणं तिच्या नोकरीत होतं. आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पूर्ण चेहरा, इंजेक्शन, धागे. ब्रेकबाईचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला गेला, पण तिथे कुठला ब्रेक!

डॉक्टरीणबाई त्या मानाने माणसात होत्या. चेहरा थकलेला होता, स्वतःच्या डोळ्यांखाली काळं होतं, ते पाहूनच ब्रेकबाईला निम्मा विश्वास बसला. त्यांनी गाल दिव्याखाली धरून पाहिला.

"इंजेक्शनने स्नायू ढिले पडतात. कपाळावरच्या आठ्या जातील, रागावलेल्या दिसणार नाही तुम्ही."

"मग माझे विद्यार्थी ब्रेक कशाला दाबतील? ते राहू द्या."

"फिलरने खोलगट भाग भरतो. पण तुमचा प्रश्न डागांचा आणि राठ कातडीचा आहे. त्याला पील करता येईल. औषध लावून वरचा थर काढायचा. या बाजूला थोडा खोलवर, त्या बाजूला हलका, म्हणजे मधे सीमारेषा दिसणार नाही. आधी काही आठवडे क्रीम लावून कातडी तयार करावी लागेल. नंतर चेहरा लाल होईल, सालं निघतील. कुणाचा हात लागता कामा नये. आणि ऊन बंद म्हणजे बंद. उन्हात गेलात तर डाग दुपटीने येतील."

"आणि माझी तीस वर्षं?"

"ती काही माझ्याकडे नाहीत." डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला केला. "कुणासाठी करताय हे?"

"आईसाठी," ब्रेकबाई म्हणाली आणि तिचा आवाज उगाच चढला. "ती मला ओळखत नाही. या बाजूने तर नाहीच."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "यानंतर ओळखेलच, असं मी सांगणार नाही हं."

"रोज नको. येताजाता ओळखलं तरी पुरे."

क्रीम लावून झालं, दिवस उजाडला, पील झाला. आग म्हणजे काय आग! गालावर कुणी तिखट चोळावं तशी. वर पंखा धरून सल्लागार विचारते, "मॅम, ओके ना?" ओके! ब्रेकबाईने नुसते दातओठ खाल्ले. स्कार्फ गुंडाळून ती घरी आली आणि रजेवर बसली. तिसऱ्या दिवसापर्यंत तोंड असं झालं, की सांभाळणाऱ्या ताई दारातच किंचाळल्या, "अहो, हे काय करून घेतलंत? बरं चाललं होतं की!"

लालभडक चेहरा, नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत निघालेली सालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, तिला वाटलं. आईला तोंडच दाखवायचं नाही असं ठरवून ती आतल्या खोलीत पाठ करून बसली. पण ताई घरी गेल्या, संध्याकाळ झाली आणि आई स्वतःच भिंत धरत धरत आत आली. समोर उभी राहिली. अगदी समोर, दोन्ही गाल दिसतील अशी.

"कार्टे!"

ब्रेकबाईने चटकन मान वर केली.

"भिंगरे, पुन्हा भाजून आलीस तोंड? टोपी कुठाय? सकाळीच दिली ना नवी शिवून? टोप्या शिवणाऱ्या बाईची मुलगी, आणि गावभर उघड्या डोक्याने हुंदडते! लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

आईने जन्मभर टोप्याच शिवल्या होत्या. शाळेच्या, कारखान्याच्या, उन्हाळ्याच्या झालरवाल्या. आणि लेक दर आठवड्याला एक हरवायची. पोहायला जायची, झाडांवर चढायची, संध्याकाळी लाल तोंड घेऊन परत यायची. मग शिव्या आणि ओलं फडकं, दोन्ही एकदम मिळायचं.

आत्ताही तसंच झालं. आई मोरीत गेली, फडकं भिजवून आणलं, पिळलं आणि तोंडाने पट्टा चालू ठेवून गालावर टेकवलं. कुणाचा हात लागता कामा नये, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ब्रेकबाई दगडासारखी बसून राहिली. झोंबत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आई म्हणत होती, "आता रडतेस होय? आधी अक्कल कुठे गेली होती?"

तो आठवडा सगळा असाच गेला. रोज सकाळी आई तोंड बघायची आणि रोज नव्याने शिव्या घालायची. जेवायला बसवायची, केस विंचरायची, शाळेला उशीर होतोय म्हणून मागे लागायची. शिव्या ब्रेकबाईने आयुष्यात कधी इतक्या आवडीने खाल्ल्या नव्हत्या. एकदा भावाचा फोन आला तर आई म्हणाली, "ठेव रे फोन, हिचं तोंड भाजलंय, मला वेळ नाही." त्या रात्री ब्रेकबाई पोटभर जेवली.

आणि मग गाल बरा झाला.

सालं गेली, लाली ओसरली, खालून गुळगुळीत कातडी आली. डाग पुसट झाले. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, सल्लागाराने टाळ्या वाजवल्या. दोन्ही बहिणी एका वयाच्या झाल्या होत्या. ब्रेकबाई लगबगीने घरी आली, चप्पल काढायलाही थांबली नाही, आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

"या," आई सभ्यपणे म्हणाली. "कोण हवंय तुम्हाला?"

ब्रेकबाईने हा गाल दाखवला. तो दाखवला. ज्या बऱ्या गालाने पूर्वी काम भागायचं, तोही डोळ्यांसमोर नेला. काही उपयोग नाही.

"कातडी मात्र छान राखलीत हो बाई," आई कौतुकाने म्हणाली. "आमच्या कार्टीला सांगा जरा. नुसती उन्हात हुंदडते."

डोंबल माझं, ब्रेकबाई मनात म्हणाली. एवढा जाळ सोसला तो यासाठी? तिने तिथल्या तिथे क्लिनिकला फोन लावला.

"मला पुन्हा पील करायचाय."

"मॅम, आता गरजच नाही! किती छान झालाय चेहरा!"

"छान नकोय मला. लाल हवाय!"

सल्लागाराने घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही अडवलं नाही.

"नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "कित्येक महिने तरी नाही. आणि लाल होण्यासाठी तर कधीच नाही. मी कातडी बरी करते, जाळत नाही. तुम्ही सावलीत राहा, टोपी घाला, नाहीतर सगळी मेहनत मातीत जाईल."

"बरं," ब्रेकबाई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला. पलीकडे आई ताईंना सांगत होती, की लेकीला आज फार उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोकळ्या मैदानात दातांचे डॉक्टर गाडी मागे घ्यायला शिकत होते. लोकांचे जबडे उघडणारा माणूस, पण रिव्हर्स टाकला की हात लटलटायचे. ब्रेकबाई गाडीतून उतरली. टोपी काढली, नीट घडी घालून पिशवीत ठेवली, आणि मैदानाच्या मधोमध, जिथे झाडाची सावलीसुद्धा पोचत नव्हती, तिथे जाऊन तोंड वर करून उभी राहिली. आधी एक गाल, मग दुसरा. या खेपेला दोघांना सारखंच.

"मॅडम, आत बसा ना! केवढं ऊन आहे! तोंड भाजेल तुमचं!"

"तुम्ही मागे बघा! माझ्याकडे काय बघताय? ब्रेक! अहो, ब्रेक!"

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गाल तडतडत होते. आई खुर्चीत होती. तिने मान वर केली, क्षणभर पाहिलं, आणि हात टेकून उठायला लागली.

"कार्टे! टोपी कुठाय?"

टोपी पिशवीतच होती.

"हरवली," ती म्हणाली आणि गाल पुढे केला.