मधूची पाच मिनिटं

मधूचा जीव माझ्या शेजारच्या सीटवर गेला, आणि त्यानंतर वीसेक किलोमीटर मी त्याच्याशी बोलत होतो. माझ्या कुठल्याही आकड्यातून निम्मे वजा करावेत, असं अकोल्यात म्हणतात. हा आकडा तसाच ठेवा. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा त्यानं मान काचेला टेकवली होती. मी गाडी चालवत होतो. वाटलं, जेवण अंगावर आलं असेल. बोरगावला चहासाठी थांबलो, "उतरतो का बे?" म्हणत त्याच्या हाताला हात लावला... पाच आठवडे झाले. माझा हात अजून गार आहे.

विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेला मधू बाळापूरच्या भाजीवाल्या घरातला. वडील वांगी-दोडके पिकवायचे, आई बाजारात विकायची. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. गणितात नापास होऊन मी सरकीच्या धंद्यात पडलो, तो पास होऊन आकाशात गेला. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर तो लढाऊ विमान उडवत होता. परतला तेव्हा स्टेशनवर हार घालून मी विचारलं, "काय झालं बे तिथं?" तो म्हणाला, "गेलो, आलो." आता वऱ्हाडातल्या माणसाचं दोन शब्दांत कधी भागलंय का? चाळीस माणसं तोंडं उघडून उभी होती. उरलेलं मीच सांगून टाकलं.

मधूचं विमान इतकं खालून गेलं, की शत्रूच्या मुलखातल्या एका बाईचं वाळत घातलेलं लुगडं चाकाला गुंडाळून आलं! हे मी पन्नास वर्षं सांगितलं. लग्नात, बारशात, एकदा तर मयतीत. मधू शेजारी बसून मिशीत हसायचा. फार तर म्हणायचा, "बापू, लुगड्याचा रंग तरी एक ठेव लेका. मागच्या टायमाले हिरवं होतं."

"धुतल्यानं उतरला," मी म्हणायचो.

पुढं त्यानं कितीक पोरांना उडायला शिकवलं, निवृत्तीनंतर अकोल्यात घर बांधलं. पण लोकांना माहीत ते लुगडंच. कोणी लढाईचं विचारलं की तो माझ्याकडे बोट दाखवायचा. मी छाती फुगवायचो. तो माझ्या आड बसला होता, हे काही मला दिसलं नाही.

त्या दिवशी अमरावतीच्या एका कॉलेजात माजी सैनिकांचा सत्कार होता. जाताना बडनेऱ्याजवळ मधू म्हणाला, "आज मले पाच मिनिटं दे बापू. मी बोलतो."

"तू? काहून, माह्यावर भरोसा नाही राह्यला का?"

"आधी तू सांग, मंग मी. पाचच मिनिटं."

"दहा घे लेका!"

पण माइक हातात आला, पहिल्याच वाक्याला पोरं हसली, आणि लुगड्याची पैठणी झाली. मधूनं दोनदा माझा सदरा ओढला. मला वाटलं, रंग चुकला. चाळीस मिनिटांनी पाहुण्यांच्या गाडीची वेळ झाली, आभार झाले, राष्ट्रगीत झालं. गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, "राह्यलंच."

"पुढच्या वर्षी!" मी ओरडलो.

मधू गेल्यावर आठवड्याभरानं त्याच्या घरी नांदगाव खंडेश्वरहून एक म्हाताऱ्या बाई भेटायला आल्या. दत्ताची बहीण. कोण दत्ता? मधूच्या जोडीचा वैमानिक. दोघं दोन विमानं घेऊन बरोबर गेले होते, परत एकटा मधू आला. पन्नास वर्षांत हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं... आणि मी म्हणे त्याच्या लढाईचा घाऊक व्यापारी!

"हॉलात दुसऱ्या रांगेत होती मी," ताई म्हणाल्या. "त्याइनंच बलावलं. म्हणे, ताई, तुमच्या घरी आलो का तोंड उघडत नाही. चार लोकाइत, माइकवर सांगून टाकतो दत्ताचं कसं झालं ते." मग हळूच म्हणाल्या, "तुमी लय हसवलं भाऊ."

दोन शिव्या घातल्या असत्या तर घरी जाऊन जेवलो तरी असतो.

मागच्या रविवारी मी नांदगावला गेलो. दर डिसेंबरात मधू तिथं जायचा म्हणे. ओसरीवरच्या लोखंडी खुर्चीत बसायचा, ताटलीभर संत्री सोलायचा, फोडी ताईंपुढं ठेवायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. ताईंनी मला त्याच खुर्चीत बसवलं, पुढ्यात ताटली ठेवली.

"तुमाले तर सारंच माईत असन. सांगा ना भाऊ, शेवटी काय झालं दत्ताचं?"

माझ्या तोंडात चाळीस गोष्टी तयार होत्या. एकीतही दत्ताला दुखलं नव्हतं. त्यातली कुठलीही सांगितली असती तर म्हातारीला त्या रात्री झोप लागली असती... एक तर पार जिभेच्या टोकावर आली.

"दोन इमानं गेलती, ताई. एक आलं."

"अन् मंग?"

"मले माईत नाही."

मी संत्रं सोलायला घेतलं.