वाकळेच्या कोपऱ्यातली भाकरी

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर डाव्या हाताचं बोट आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक केलं. वरच्या बाजूला पोकळ आवाज आला. खाली उजव्या बरगड्यांपाशी मात्र भरल्या रांजणासारखा बद्द आवाज आला. तो फरक मलाही ऐकू आला.

"प्लुरसी," डॉक्टर म्हणाले. मी शाळेत शिकवते हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी नीट समजावून सांगितलं. फुप्फुसावर एक पातळ पापुद्रा असतो. त्याला सूज येते, कधी तिथं पाणी साठतं. मग श्वास घेतला की बरगडीत सुरी खुपसल्यासारखं होतं.

"किती दिवस दुखतंय?"

"आठवडाभर."

"बाई, खरं सांगा."

"दीड महिना," मी म्हटलं. पोरींना रोज खरं बोलायला शिकवणारी मी, पण दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर पहिलंच उत्तर खोटं दिलं.

घरी काय काम करता, असं त्यांनी विचारलं. शाळा सुटल्यावर वाकळा शिवते म्हणून सांगितलं, त्या कुणासाठी तेही सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "हे पाणी कशानं झालं ते आधी बघावं लागेल. पुष्कळदा मुळाशी क्षय असतो. तसं निघालं तर तुम्ही दीड महिना ज्या वाकळांवर खोकलात, त्या पाठवायला मी परवानगी देणार नाही. जाळाव्या लागतील."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते जिवासाठी नव्हे, वाकळांसाठी. जिवाची भीती नंतर आली, निवांतपणे, खाटेवर पडल्यावर.

ही गोष्ट महाराजांच्या कारकिर्दीतली, जर्मन लढाईच्या अखेरीची. माझा धाकटा भाऊ शंकर पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. तिथं तो ड्रेसर होता, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. पुढं त्याची बदली बसऱ्याच्याही पलीकडे, तंबूंच्या एका वस्तीत झाली. लढाईत गावंच्या गावं उठली होती आणि डोंगर उतरून चालत आलेली बायकापोरं तिथं ठेवली होती. त्यानं पत्रात लिहिलं, "आक्का, हितं दिवसा ऊन आणि रात्री हाडं फोडणारी थंडी. सरकारी कांबळी येतात पण पुरत नाहीत. पोरं आईच्या पदरात दोन-दोन निजतात. आपल्या पेठेत जुनी लुगडी काय कमी आहेत?"

पत्र मी शाळेत वाचून दाखवलं, मग गल्लीत वाचलं. बायका रडल्या आणि दुसऱ्या दिवशी लुगडी घेऊन आल्या. नऊवारी लुगड्यांच्या घड्या एकावर एक पसरायच्या, कडेनं आत आत धावदोरा घालत जायचं, की वाकळ होते. यात पेठेत खातूनबीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा नवरा कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा, आणि ती शिवायची. माझ्याच सोप्यात बसून तिनं सगळ्यांना कामाला लावलं. डोळ्याला चष्मा नाही आणि टाका असा की मोजपट्टी लावावी.

मी लहानपणीच विधवा झाले, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या हट्टामुळं शिकले आणि मास्तरीण झाले. त्यामुळं आपण शहाण्या, असा माझा समज होता. पण खातूनबीबरोबर एका वाकळेवर गुडघ्याला गुडघा लावून बसताना तिच्या डब्यातली भाकरी मी कधी घेतली नव्हती. ती पुढं करायची आणि मी "आत्ताच जेवले" म्हणायची. ती समजून घ्यायची. हे लिहिताना आज लाज वाटते.

दिवाळीच्या आत गठ्ठे रवाना झाले तरच थंडीपूर्वी पोचतील, असं शंकरनं लिहिलं होतं. म्हणून खोकला आला तरी मी पदर तोंडाला लावून शिवत राहिले. माझ्यासारखं कुणी करत असेल तर आधीच सांगते, करू नका. दुखणं लपवल्यानं काम लवकर होत नाही. उलट ज्यांच्यासाठी करतो त्यांच्याच ताटात माती पडायची वेळ येते.

मला बायकांच्या वॉर्डात, शेवटच्या कोपऱ्यात, उघड्या व्हरांड्यापाशी खाट मिळाली. तिसऱ्या दिवशी टॅपिंग झालं. टॅपिंग म्हणजे दोन बरगड्यांमधून जाड सुई घालून आतलं पाणी काढायचं. मला पुढं वाकवून उशीला मिठी मारायला सांगितलं. सुई आत जाताना दुखलं, पण अंगावर काटा यावा इतकं नाही. जे कुणी घाबरून टाळत असतील त्यांनी घाबरू नये. उसाच्या रसाहून फिकट असं पाणी निघालं आणि कित्येक आठवड्यांनी मी पुरा श्वास घेतला.

मग स्पुटम तपासणं आलं. स्पुटम म्हणजे छातीतून खोकून आलेला बेडका. पहाटे उठून चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि खोकून काचेच्या भांड्यात टाकायचा. पहिल्या दिवशी मी लाजून नुसती लाळ दिली. कंपाउंडरनं भांडं परत आणून दिलं आणि तो दिवस फुकट गेला. तो बेडका काचेवर पसरून, रंग लावून डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून क्षयाचे जंतू शोधतात. एकदा दिसले नाहीत म्हणून भागत नाही. तीनदा, मध्ये काही दिवस सोडून, बघायचं ठरलं.

क्षय हा शब्द माझ्याआधी घरी पोचला होता. शंकरची बायको पोराला घेऊन गडमुडशिंगीला आबांकडे गेली. तिनं केलं ते बरोबरच केलं, पण मला लागलं. आबा आठवड्यातून एकदा चालत येत आणि वॉर्डाच्या दारातच पागोटं हातात घेऊन उभे राहात. "बरी हाईस न्हवं?" एवढं विचारून परत जात.

खाटेपर्यंत आली ती एकटी खातूनबी. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, तोंडासमोर बसू नका, हात धुवा, भांडं वेगळं ठेवा. तिनं ते सगळं केलं. मग ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून वाटी माझ्यापुढं धरली. आठ दिवस मला अन्नाचा वासही नको झाला होता. मी सवयीनं म्हणाले, "आत्ताच जेवले."

"खोटं बोलू नगासा, बाई," ती म्हणाली. "हाडं मोजून घ्यावीत अशी तऱ्हा झालीया. जात बरं झाल्यावर सांभाळा. आत्ता तोंड उघडा की!"

मी तोंड उघडलं. ती वाटी मी पुरी संपवली आणि रडले. तिनं माझं तोंड पुसलं आणि लगेच परत हात धुवायला गेली.

पहिल्या तपासणीत जंतू दिसले नाहीत. डॉक्टरांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही, पण एक वाट मोकळी केली. पुढच्या दोन्ही वेळा काही निघालं नाही तर वाकळा पाठवायच्या. तोवर सगळ्या कडकडीत उकळून दोन दिवस उन्हात घालायच्या. एवढ्या वाकळा उकळायला भांडं कुठलं? पेठेतली सगळी पातेली एक केली असती तरी शिमग्यापर्यंत काम चाललं असतं. मला आबांच्या गुऱ्हाळातली काहील आठवली, ज्यात गूळ शिजवतात ती. हंगाम सुरू व्हायचा होता, ती पालथीच होती.

आबा आले तेव्हा मी ती मागितली. ते दारातूनच गरजले. "काहिलीत माझा गूळ शिजतोय, चिंध्या न्हाय! उद्या गिऱ्हाईक थुंकंल गुळावर." मी पदर तोंडाला लावला. बोलले असते तर खोकला आला असता. आबांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, परत काढलं. "शंकऱ्यानं लिवलंय म्हणतीस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते बैलगाडी घेऊन वाकळा न्यायला आले.

आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्या बायकांची एक रीत आहे. वाकळ शिवत आणली की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा तुकडा घालायचा, मग तोंड शिवायचं. वाकळ उपाशी राहू नये आणि तिच्याखाली निजणाराही उपाशी राहू नये, म्हणून. ही रीत खातूनबीला सासूनं शिकवलेली, आमच्या घरात आईनं. ती इतकी अंगवळणी पडलेली की डॉक्टरांना सांगावं हे कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही. पहिल्या घाण्यालाच काहिलीत कोपरे फुगले, शिवण उसवली आणि पिठाची खळ वर आली. देखरेखीला गेलेल्या कंपाउंडरनं ती बाटलीत भरून आणून डॉक्टरांना दाखवली.

डॉक्टर माझ्या खाटेपाशी आले तेव्हा त्यांचा आवाज प्रथमच चढला होता. "जहाजात महिना महिना हे गठ्ठे पडून राहणार. भाकरी कुजेल, उंदीर लागतील, उंदरांमागून प्लेग. ज्या गावानं प्लेगात घरं सोडून माळावर झोपड्या घातल्या, त्या गावाला हे मी सांगायचं? तुम्ही शिकलेल्या आहात."

खरं होतं. प्लेगात मीही लहानपणी माळावर राहिले होते. घर सुटलेल्या माणसांना आम्ही प्रेमानं उंदीरच पाठवत होतो. मी खातूनबीला बोलावून सांगितलं, सगळे कोपरे उसवा, भाकरी काढा, परत शिवा.

तिनं ऐकून घेतलं. "त्यांचं घर गेलंय, चूल गेलीया. त्यांच्या अंगावर उपाशी वाकळ घालायची व्हय?" एवढं म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दुसरा निकाल आला, जंतू नव्हते. पण सांगायला कुणी नव्हतं आणि त्या आनंदाचं मला काही करता येईना. दुखण्यात एकटं पडणं काय असतं ते मला त्या दोन दिवसांत कळलं, आधीच्या तीन आठवड्यांत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. काखेत एक वाकळ होती, उकळून वाळवलेली. तिनं ती माझ्या पायांवर पसरली आणि कोपरा वर केला. भाकरी काढून तोंड शिवलं होतं. त्यावर पांढऱ्या धोतराचा गोल तुकडा लावला होता, भाकरीएवढा, आणि मधे पापुद्रा सुटल्यासारखे बारीक टाके.

"ही न्हाई कुजायची," ती म्हणाली. "डाक्टरला दावा. ह्याला उंदीर लागला तर मला इचारा."

डॉक्टरांनी तो गोल बोटानं चाचपला. "यात काही भरलेलं नाही ना?"

"न्हाय जी. नुस्तं कापड हाय."

"मग माझी हरकत नाही," ते म्हणाले, आणि थोडं हसले. सगळ्या वाकळांवर भाकऱ्या शिवायला पेठेला आठवडा लागला. जुनी धोतरं कमी पडली तेव्हा आबांनी नेसणीतलं एक धोतर दिलं.

तिसऱ्या निकालाच्या सकाळी माझ्याच्यानं पाणीही पिववेना. डॉक्टर नेहमीपेक्षा उशिरा आले, बाकीच्या खाटा बघितल्या, मग माझ्याकडे वळले. "जंतू सापडले नाहीत. सापडले नाहीत म्हणजे नाहीतच, असं मी शपथेवर सांगणार नाही. सहा महिने विश्रांती, ऊन, दूध, माशाचं तेल. ताप आला तर त्याच दिवशी यायचं, दीड महिन्यानं नव्हे." मग त्यांनी परवानगीच्या कागदावर सही केली. दिवाळीला चार दिवस होते. गठ्ठे आबांच्याच गाडीतून स्टेशनात गेले. मी ते पाहिलं नाही, खातूनबीनं येऊन सांगितलं.

मी बरी व्हायला सहा नव्हे, दहा महिने लागले. माशाचं तेल घशाखाली उतरायला त्याहून जास्त धीर लागतो, हेही सांगून ठेवते. ज्या डॉक्टरांनी माझं खोटं पहिल्या मिनिटात ओळखलं आणि तरी मला सोडलं नाही, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. छातीत कळ येत असेल तर जा, खरं सांगा, आणि जो हात वाटी पुढं करतो तो कुणाचा हे बघत बसू नका.

पुढच्या वर्षी शंकर परत आला. सोप्यात बसून सांगत होता. खातूनबी नव्या वाकळेवर वाकली होती आणि मी सुईत दोरा ओवून देत होते. वाकळा पोचल्या, तो म्हणाला. त्यानंच वाटल्या. एका बाईनं कोपऱ्यातला पांढरा गोल दाखवून हातानं विचारलं, हे काय? तिची भाषा ह्याला येईना.

"मग मी असं केलं," म्हणत शंकरनं गोल दाखवला आणि पाची बोटं तोंडाकडं नेली. "ह्ये खायाचं, भाकरी हाय, असं सांगत हुतो. तिला वाटलं, मलाच भूक लागलीया. तंबूत गेली, दिवसाच्या वाटणीची एक रोटी मिळायची तिला, ती मोडून अर्धी आणली आन् माझ्या हातावर ठेवली. दोन पोरं हुती तिला, आक्का."

"आणि तू घेतलीस?"

"न घेऊन कसं चालंल? तिथंच उभ्यानं खाल्ली."

खातूनबीनं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला.

"मग पोचली की भाकरी," ती म्हणाली.