चालू झाली का, तेवढं सांगा

अण्णा बसलेले मी फारसे पाहिलेच नाहीत. फोन आला की उठायचे, आणि बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गॅलरीपासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या सुरू. वहिनी म्हणायच्या, "हे मोजेसुद्धा चालता चालता घालतात." एवढी तगमग कशासाठी, तर कुठल्यातरी परक्या माणसाची स्कूटर चालू होत नाहीये म्हणून!

अण्णा मूळचे निपाणीचे. नोकरी सॉफ्टवेअरमधली, पण जीव सगळा जुन्या गिअरच्या स्कूटरींमध्ये. असल्या वेड्यांसाठी त्यांनी मराठीत एक फोरम काढला होता. वेडे म्हणजे तरी किती? लग्नाच्या एका पंगतीत बसतील एवढे. मीही त्यातलीच. पुण्याहून महादेवपुऱ्यात नोकरीला आले तेव्हा बाबांची स्कूटर हट्टानं रेल्वेत घालून आणली, आणि आल्या आल्या तिनं संप पुकारला. फोरमवर रडगाणं लिहिलं, तर रविवारी सकाळी हा अनोळखी गृहस्थ अर्धं बेंगळुरू ओलांडून पान्यांची पिशवी घेऊन दारात हजर.

फोरमवर नियम एकच होता. आभार मानायचे नाहीत, पुढं काय झालं ते लिहायचं. स्कूटर चालू झाली, अमक्यानं झाली, असं लिहिलं की अण्णा तो धागा, म्हणजे त्या प्रश्नावरची चर्चा, बंद करायचे. न लिहिणाऱ्याला फोन यायचा, "चालू झाली का न्हाई, तेवढं सांग की. मला जेवण जात न्हाई." आणि खरंच जायचं नाही. मी एकदा कामाच्या रगाड्यात आठवडाभर लिहायला विसरले, तर हे माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन वॉचमनशी कन्नडमधून हुज्जत घालत उभे. मी तणतणत खाली गेले. "झाली," म्हटलं. "सरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले आणि तसेच परत गेले.

मग कोरमंगलातली एक कंपनी आली. फोरम त्यांच्या ॲपवर न्यायचा, खर्च त्यांचा, आणि ज्याचं लिखाण नि व्हिडिओ जास्त लोक बघतील त्याला जाहिरातींतला वाटा. अण्णा हरखले. इतकी वर्षं ज्यांनी फुकट डोकं चालवलं त्यांना चहापाण्यापुरतं तरी सुटेल, म्हणाले. मलाही त्यात वावगं दिसलं नाही, खोटं कशाला बोलू?

माणसं वाढली, पण धागे बंद होईनात. स्कूटर बंद असेतोवर गर्दी, चालू झाली की पांगापांग. हे लोकांच्या चटकन ध्यानात आलं. पूर्वी एका ओळीत 'प्लग बदल' म्हणणारा माणूस आता नुसतं प्रास्ताविकच लांबण लावून करायचा आणि उत्तर पुढच्या भागावर ढकलायचा. अण्णा फोन करायचे, तर समोरून ऐकायला मिळायचं, शुक्रवारी कळेल बघा. अण्णा आणखीच फेऱ्या मारायचे. माझंही डोकं फिरायचं. अरे, ही स्कूटर आहे की टीव्हीवरची मालिका?

त्यातच रेणूची स्कूटर आली. रेणू नागपूरची, कोरमंगलात पीजीमध्ये राहायची, नोकरी नुकतीच गेलेली. आजोबांची बंद स्कूटर आणि तिची खटपट व्हिडिओंत बघायला लोक तुटून पडत होते. सगळे कार्ब्युरेटरच्या मागे लागले होते. अण्णांना काही राहवेना. मला घेऊन ते थेट तिच्या पीजीवर गेले, पॉलिश पेपरच्या तुकड्यानं ठिणगी पाडणारे आतले पॉइंट घासले, आणि दुसऱ्या किकला स्कूटर चालू! अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रेणूचा मात्र पडला.

"काका," ती म्हणाली, "हे फोरमवर लिहू नका ना, प्लीज. अजून तीन भाग व्हायचेत. या महिन्याचं भाडं त्यातूनच देणार आहे मी."

अण्णा कितीतरी वेळ हात पुसत राहिले. मग होकारार्थी मान हलवली. परतताना मी त्यांच्यावर उखडले. नियम तुमचा, आणि तुम्हीच गप्प? ते म्हणाले, "पोट हाय तिचं. मी कोण मधे बोलणार?" पण घर येईपर्यंत रिक्षात त्यांचा पाय एकसारखा हलत होता.

पुढच्याच भागाखाली गडहिंग्लजच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं. फोरमवरचे सगळ्यात जुने ते. पोरीची धडपड बघवत नाही, माझ्या स्कूटरचा कार्ब्युरेटर काढून परवाच पाठवलाय, माझं काय, मी पायी जाईन. ते वाचलं आणि अण्णांनी मला फोन केला. आत्ताच्या आत्ता रेणूकडं जायचं, म्हणाले.

आम्ही पीजीवर पोचलो तोवर पार्सल येऊन, कॅमेऱ्यापुढं उघडूनही झालं होतं. रेणूनं कार्ब्युरेटर मुकाट्यानं अण्णांच्या हातात दिला. मास्तरांना सांगणार का, एवढंच विचारलं, आणि रडायला लागली. मला तिचा संताप आला होता, पण ती रडायला लागल्यावर तिच्यावर ओरडवेना.

"चालू झाली म्हणून सांगतो," अण्णा म्हणाले. "कधी झाली, ते न्हाई सांगत."

त्याच दिवशी बस पकडून ते गडहिंग्लजला गेले आणि मास्तरांची स्कूटर जोडून आले. मास्तरांनी पोरीची चालू झाली ऐकून हात जोडले, सगळ्या आळीला पेढे वाटले आणि एक अण्णांच्या तोंडात कोंबला. तो पेढा गिळताना जीव गेला, असं अण्णा मला म्हणाले. आल्यावर त्यांनी कंपनीला कळवून आपलं नाव फोरमवरून काढून टाकलं.

फोरम आजही जोरात चालतो. मला तो उघडवत नाही. परवा अण्णांकडं गेले होते. म्हटलं, आपल्या जुन्या चार माणसांपुरता पुन्हा काढू या, पूर्वीसारखा, खर्च मी बघते. पैशाचा, कंपनीचा कुणाचा संबंध नको. मला वाटलं होतं, उडी मारून हो म्हणतील.

"नगं बाई," अण्णा म्हणाले. "आता कुणी मदत मागितली की मला आधी वाटतं, ह्याची खरंच बंद हाय का? असल्या माणसानं फोरम चालवू नये."