त्याच दिवशी ओतलेले तुकडे

ती घटना आजही आठवली की आधी स्वतःचाच राग येतो.

मी तेव्हा सुरतजवळ कडोदऱ्याकडे पोलीस इन्स्पेक्टर होतो. हद्दीत प्रीकास्टचं एक यार्ड होतं. काँक्रीटच्या नाल्याच्या पेट्या, कुंपणाच्या भिंती तिथे साच्यात ओतायच्या आणि ट्रेलरने नेऊन जागेवर बसवायच्या. एका सकाळी क्रेनला टांगलेली भिंत सुटली आणि खाली दोर धरून उभा असलेला कामगार जागीच गेला. क्रेन चालवणारा त्याचा साडू. दोघेही खानदेशातले, गोडादऱ्यात शेजारी शेजारी राहणारे.

पंचनामा करून ठाण्यात आलो तर क्रेनवाला आधीच येऊन बसलेला. "मनाच हाते मरना तो, साहेब. लिखी ल्या."

गुन्हा जामीनपात्र, पण हा कुणाला जामीन राहू देईना. यार्डचा सुपरवायझरही सांगून गेला, "भूल ऑपरेटरनी ज छे. झटका दिला त्याने." आयती कबुली, आयता साक्षीदार! मी खुशाल कागद रंगवायला घेतले.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात कुणाचा तरी निनावी फोन आला. "साहब, हुक देखो," एवढंच बोलून त्याने ठेवून दिला. भिंत उचलायला काँक्रीटमध्ये सळईचे हूक पुरलेले असतात. मी यार्डात धावलो, तर फुटलेली भिंत हुकांसकट गायब. "रस्ता मोकळा केला," सुपरवायझर म्हणाला. पंचनाम्यात मी हूक नोंदवलेच नव्हते. चूक सरळ माझी.

पण या धंद्यात प्रत्येक तुकड्यावर ओतल्याची तारीख रंगाने लिहितात. माझ्या फोटोत ती दिसत होती. यार्डाच्या चलनांवरून कळलं, त्याच दिवशी ओतलेल्या तीन भिंती उधन्याला एका कारखान्याच्या कुंपणाला लागल्या होत्या. हूक अजून कापले नव्हते. तिथल्या मिस्त्रीने हुकावरून बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, इथे साधी गुळगुळीत सळई लागते. ही पीळवाली आहे. अशी वाकवली की तडकते." एका हुकाला तर वळणावर चीर नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तेच म्हणाला.

हूक कापून आणला, सुपरवायझरच्या पुढ्यात ठेवला आणि चहा मागवला. चहा थंड झाला तसा तो बोलला. साधी सळई संपली होती, माल पाठवायची घाई होती. "आणि साहेब, ऑपरेटर स्वतःच कबूल झाला होता, मग मी कशाला तोंड उघडू?"

असा संताप आला! पण मी तरी वेगळं काय केलं होतं? कबूल न होणाऱ्याच्या मागे आम्ही हात धुऊन लागतो. पटकन कबूल होणाऱ्याला एक प्रश्न जास्त विचारत नाही.

क्रेनवाल्याला सुटल्याचं सांगितलं. तो काही हसला नाही. "हाई मना सालीले तुम्हीच सांगा, साहेब. मनं ती ऐकाव नही."

युनिफॉर्म घालून मी त्याला बरोबर घेऊन गोडादऱ्याला गेलो. त्याच्या मेहुणीने, म्हणजे गेलेल्याच्या बायकोने, उंबऱ्यात बसून सगळं ऐकून घेतलं. मग गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "त्यांना म्हणा, घरात या. सकाळपासून जेवले नसतील."

तपास कोर्टासाठी करायचा, एवढंच मी तोवर समजत होतो. माणसाला आपल्याच घरात परत जाता यावं म्हणूनही तो करावा लागतो.