मिठाचा भाव

रझाकारांच्या साली मिठाची लई तकलीफ व्हती. गोरेगावच्या बाजारात एकाच दुकानदाराकडं दोन पोती उरली व्हती. त्याच्या मागं लपून म्या त्याच्याच नाकातल्या आवाजात बोललो, "हे शेवटचं मीठ, पुढं न्हाई."

मिठाचा खडाबी कमी झाला नव्हता, पण भाव तिथंच चढला. पायलीभर ज्वारी देणारे दोन पायल्या ओतू लागले. मंग लाठ्या चालल्या. एकाचे दात पडले, अन् लोखंडी माप दुकानदाराच्याच कपाळात बसलं. मीठ लाल झालं, तरी लोकांनी तेबी नेलं.

दुकानदारानं माझी मानगूट धरली. "तूच बोलला न्हवं, बेट्या?"

"व्हय." आता मेलो, असं वाटलं.

त्यानं डोळ्यातलं रक्त पुसलं, ज्वारीच्या ढिगाकडं पाहिलं अन् हळूच म्हणाला, "पुढच्या बाजारी गोडेतेलाचं बोल."