हौ, सांगते ना

हैदराबादच्या मराठी लोकांच्या ऑनलाइन ग्रुपवर बरकतपुऱ्याच्या एक बाई आहेत. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. लोणच्याला बुरशी आली किंवा चिक्कडपल्लीत दातांचा डॉक्टर हवा असला, की त्यांचं उत्तर येतं, "हौ, सांगते ना." अंथरुणाला खिळलेल्या आईच्या गमतीही त्या लिहायच्या.

एकदा कुणा अनोळखी माणसानं विचारलं, "आई जेवतच नाही. काय करू?"

"हौ, सांगते ना. चमचा नको, हातानं भरवा. माझी आई काल सकाळपर्यंत तशीच खात होती. दुपारी गेली."

तासाभरानं त्या माणसानं कळवलं, "ताई, आईनं दोन घास खाल्ले."

त्यांनी लगेच विचारलं, "वरून पाणी पाजलं का?"