रावजीकाकाचं परत घेतलेलं गाऱ्हाणं

आमच्या वाडीतून कोणी शिकायला किंवा नोकरीला बाहेर निघालं की भैरीच्या देवळात नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं रावजीकाकाने घालायचं, हे ठरलेलं. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची थोडीशी घरं. त्यातल्या निम्म्यांना कुलूप, कारण माणसं मुंबईला. उरलेल्यांत खणखणीत गळा एकट्या रावजीकाकाचा. तो ओरडणार, "बा भैरीदेवा, तुझी लेकरं पायाशी उभी हायत," आणि आम्ही मागून म्हणायचं, "होय महाराजा!"

अडचण एवढीच की रावजीकाका देवाला सगळं सांगतो. अर्धवट सांगितलं तर देव घोटाळ्यात पडतो, असं त्याचं मत. मी महाडला आयटीआयला निघालो तेव्हा तो म्हणाला, "ह्या शुभमचा आणि गणिताचा लहानपणापासून उभा दावा हाय देवा, तूच सांभाळ." माझ्या आईसकट सगळी वाडी म्हणाली, "होय महाराजा!"

त्याचा दुसरा नियम याहून जाचक. कोणाचं वाकडं मागितलं असेल, तर ते त्याच माणसासमोर, आपल्या तोंडाने परत घ्यायचं. त्याशिवाय नवं मागणं पोचत नाही. चांगूतात्याची बायको बनुबाई एकदा भांडून माहेरी तुडीलला गेली, तेव्हा तात्या रागारागाने देवळात बोलून आला होता की ही परत येऊ नये. ती आपली आपण परत आली. पुढे तात्याला नव्या म्हशीसाठी गाऱ्हाणं घालायचं होतं, तर रावजीकाकाने आधी ते जुनं सगळ्यांदेखत, बनुबाईला समोर उभी करून, परत घ्यायला लावलं. म्हैस चांगली निघाली. तात्याला मात्र बरेच दिवस भाकरीबरोबर कालवण मिळालं नाही.

अशा ह्या रावजीकाकाच्या धाकट्या मुलीचा, निशिगंधाचा, पुण्याला फार्मसीला नंबर लागला. आणि तिने कॉलेजचा अर्ज भरला त्याच दिवशी काका गुपचूप देवळात जाऊन, नारळ ठेवून मागून आला होता की हिचा नंबर कुठे लागू नये. आम्हाला हे अगदी शेवटी कळलं. तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे ती निघायच्या आधीचा आठवडा त्याने कसा काढला असेल ते ध्यानात येईल.

काकाच्या घरात नुसती धांदल. काकाची बायको, सारिकाकाकी, कुळथाचं पीठ, आमसुलं, तांदळाचे पापड बांधत होती. सुकटीची पिशवी निशिगंधा बाहेर काढायची आणि काकी परत आत कोंबायची.

"आई गो, वासाने अख्खं होस्टेल पळून जाईल!"

"जाऊ दे की. मग तुला खोली मोठी मिळेल."

थोरल्या मुलाने, सुनीलने, मुंबईहून चाकांची बॅग पाठवली. आमच्या वाडीत चाक फिरेल अशी जागा एकच, देवळापुढची फरशी. तिथे पोरांनी ती दिवसभर पळवली, आणि काका त्यांना हाकलायलासुद्धा देवळाकडे फिरकला नाही. एरवी दिवसातून दोनदा जाणारा माणूस! नारळ कधी, असं कोणी विचारलं की आज कुंपण दुरुस्त करायचंय, उद्या गवत काढायचंय. मग घसाच बसला. पण गुरांना हाका मारताना तो बसलेला घसा पलीकडच्या डोंगरावर ऐकू जायचा.

बनुबाई सोडते होय! ओट्यावर बसून म्हणाली, "काय भावजी, घसा बसलाय का मागचं कायतरी अडकलंय?"

आम्ही हसलो. काका हसला नाही. संध्याकाळी तो चांगूतात्याकडे गेला.

"ह्या टायमाला तू घाल रे गाऱ्हाणं."

"तुझ्या पोरीचं मी? येडा झालास काय? मला म्हशीचं तेवढं येतं."

निघायच्या सकाळी सगळे देवळात जमलो. वरंध घाट पावसामुळे बंद, पुण्याची गाडी ताम्हिणीने फिरून जाणार, म्हणून महाड लवकर गाठायचं होतं. निशिगंधा नवा ड्रेस घालून बापाशेजारी उभी राहिली. काकाने नारळ ठेवला, हात जोडले आणि सवयीने गळा उघडला.

"बा भैरीदेवा, आज तुझी लेकरं पायाशी उभी हायत."

"होय महाराजा!"

"पुढचं मागायच्या आधी मागचं परत घ्यायचं हाय."

"होय महाराजा!"

"ह्या माझ्या पोरीचा नंबर लागू नये, असं मी तुझ्याकडं मागितलं होतं."

"होय महाराजा!" आम्ही ठोकून दिलं. सवय वाईट. तोंडातून निघाल्यावर कानांना कळलं.

काकाने वळून बघितलं नाही. मानेवर लाली चढलेली मागून दिसत होती. "सुनील गेला तो दोन दिवसांचा पावणा झाला. ही पण गेली तर घर खायला उठेल, म्हणून मागितलं. ते परत घेतो."

ह्या वेळी कोणाच्या तोंडून होय निघालं नाही. बनुबाईला आज हवं ते बोलता आलं असतं. ती पदर सारखा करत खाली बघत राहिली. सारिकाकाकीचा हात कपाळाला लावायच्या अंगाऱ्यात तसाच राहिला.

निशिगंधा म्हणाली, "कधी मागितलंत, बाबा?"

"फारम भरलास त्या दिवशी."

"त्या दिवशी मी तुमच्या पाया पडले होते."

"व्हय."

"तुम्ही डोक्यावर हात ठेवलात."

"ठेवला. तिथूनच देवळात आलो."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. माझं गणित चव्हाट्यावर आलं तेव्हा मनात कित्येकदा म्हटलं होतं, कधीतरी ह्याचं पण निघू दे. आता निघालं, तर त्या माणसाकडे बघवेना.

निशिगंधाने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाली, "आता पुढचं बोला. गाडी चुकेल."

काका बोलायला लागला. पण डोंगर हलवणारा तो गळा कुठे गेला कोण जाणे. ओठ हलत होते, एवढंच दिसत होतं. आम्ही कान टवकारून उभे; वाक्य कुठे संपलं ते कळेना, त्यामुळे होय कधी म्हणायचं तेही कळेना. शेजारी उभ्या निशिगंधाला तेवढं ऐकू येत असावं. तो थांबला की ती एकटीच हळू म्हणायची, "होय महाराजा." एकदा ती लगेच म्हणाली नाही. काका खाली मान घालून थांबला. मग तिने तेही म्हटलं.

काय मागितलं, ते आम्हाला अजून माहीत नाही. बनुबाईलासुद्धा नाही, म्हणजे बघा.

अंगारा लागला, नारळ फुटला. काकाने चाकांची ती बॅग डोक्यावर घेतली आणि पाऊलवाटेने सगळ्यांच्या पुढे उतरायला लागला. खाली डांबरी सडक लागली तशी निशिगंधा म्हणाली, "बाबा, आता ठेवा खाली. हिला चाकं हायत."

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाला, आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत बॅग डोक्यावरच ठेवून चालत राहिला. तीही त्याच्या मागून चालली.